कोपऱ्यातला घास

मुलुंड,
११ ऑगस्ट १९८५

जयंती,

नमस्कार लिहावा तर मी तुझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. आशीर्वाद लिहावेत तर ते तू कधी मनावर घेतले नाहीस. म्हणून दोन्ही गाळून थेट कामाचं लिहितो. मला गोधडी शिवायला शिकव.

हसून झालं असेल तर पुढे वाच. मी शुद्धीवर आहे. शाळा चालू आहे, आठवीच्या पोरांना देव शब्द चालवता येत नाही हेही पूर्वीसारखंच चालू आहे, आणि बायकोशी भांडण झालेलं नाही.

आई मे महिन्यापासून आमच्याकडे आहे, हे तुला माहीत आहेच. धाकट्या दादूची नागपूरला बदली झाली, आई त्याच्याजवळ राहत होती ती गिरगावातली खोली मालकाला परत गेली, आणि तुझी मावशी एक ट्रंक आणि एक तांब्या घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. आल्यापासून पाहुणीसारखी वागते. "तुमच्या फिल्टरमधलं पाणी घेऊ का?" "तुमचा पंखा लावला तर चालेल?" प्रेमा बँकेत, मी शाळेत. दिवसभर ती गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघते. त्या बांधकामाची प्रगती तिला आता काँट्रॅक्टरपेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या आठवड्यात जेवताना तिने जाहीर केलं. पेपरातली जाहिरात वाचून तिने कर्जतच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमाला कार्ड टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं. दिवाळीनंतर एक खोली रिकामी होते आहे आणि ती तिथे जाणार. मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "ठीक." आईचा शब्द मोडायचा नाही ही माझी पन्नास वर्षांची सवय. प्रेमा तिला सवय म्हणत नाही, आळस म्हणते.

तर आश्रमाने कळवलं आहे की अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याने आणावं. आईने स्वतःची गोधडी गिरगाव सोडताना शेजारच्या रत्नप्रभाबाईंना देऊन टाकली. दुकानातली रजई दाखवली तर म्हणाली, "ह्याच्यात जीव गुदमरतो." तेव्हा माझ्या मनात आलं, की निदान एवढं तरी आपण आपल्या हातांनी करावं. का आलं ते विचारू नकोस. मलाही त्याचं कुतूहल आहे.

संस्कृतात गोधडीला कंथा म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा घर सोडून निघालेल्या माणसाच्या खांद्यावर सापडते. इथे माझं ज्ञान संपलं. सुई कोणत्या बोटांत धरतात, इथपासून सुरुवात कर.

सरळ रेषेत बघितलं तर तू माझी शेजारीण आहेस. मध्ये फक्त नॅशनल पार्क. पण त्यात बिबटे राहतात आणि पोस्टमन त्यांच्यातून येत नाही, सबब उत्तराला आठवडा लागेल असं धरून चालतो.

खाली चार ओळींची जागा आईसाठी ठेवली होती. ती म्हणाली, "पाहुण्यांनी दुसऱ्यांच्या पत्रांत लिहू नये." म्हणून रिकामी.

तुझा (सहा महिन्यांनी मोठा)
बाळ


बोरिवली,
१७ ऑगस्ट

बाळदादा,

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरातले सगळे हसले, हे आधी सांगून टाकते. आमचे हे म्हणाले, "सर सुईत दोरा ओवतील तेव्हा मला बोलव, कॅमेरा घेऊन येतो."

पण मला खरं हसू आलं नाही. मावशी जाते म्हणाली आणि तू "ठीक" म्हणालास? कमाल आहे यार तुझी. एखाद्या पोराने शाळा सोडतो म्हटलं तरी तू चार प्रश्न विचारशील ना? असो. तू गोधडीबद्दल विचारलंस, तर मी गोधडीबद्दलच सांगते. बाकीचं तुझं तू बघ.

नवशिक्याने पट्ट्यांची गोधडी करावी. तुकडे-त्रिकोण-फुलं असल्या भानगडीत पडू नकोस. प्रेमाची जुनी सुती पातळं घे, तुझी धोतरं घे, विरलेल्या चादरी घे. जितकं जुनं तितकं चांगलं. काठ आधी वेगळे कर. मग चार बोटं रुंदीच्या पट्ट्या. आणि ऐक, कापायच्या नाहीत, फाडायच्या. कडेला कात्रीने एवढीशी चीर द्यायची आणि सर्रकन ओढायचं. कापड आपण होऊन सरळ फाटतं. कात्रीने तू कापशील तर त्याचा नकाशा होईल.

मग पट्टीला पट्टी उलट बाजूने जोडत जायचं. मशीन आहे का घरात? नसलं तर हाताने धावदोरा घाल. सुई आत, सुई बाहेर, यात शास्त्र काही नाही. बोटाला टोपण घाल, नाहीतर रक्ताचे डाग मावशीला दिसतील.

एवढं कर आणि कळव. आणि मावशीला सांग, जयंती विचारत होती की चार ओळी लिहायला पाहुणीला काय पैसे पडतात?

जयंती


मुलुंड,
१ सप्टेंबर

जयंती,

कापड फाडण्यात इतका आनंद असतो हे मला कुणी लहानपणीच सांगितलं असतं, तर मी पाणिनीच्या वाटेला गेलो नसतो. सर्रकन! पहिलं धोतर फाडलं तेव्हा प्रेमा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, माझा तोल गेला. दुसरं फाडलं तेव्हा तिनेच आपलं वॉयलचं जुनं पातळ आणून दिलं आणि म्हणाली, "हेही फाडा, पण मी असताना फाडा." आम्ही दोघांनी दोन टोकं धरून फाडलं. एवढी करमणूक आमच्याकडे बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

आई गॅलरीतून बघत होती. बांधकामाकडे पाठ करून.

आता दुःखद भाग. मी पट्ट्या जोडल्या. पहिल्या पट्टीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली, उजव्या टोकाला थांबलो. दुसरी जोडली, डावीकडून उजवीकडे. तिसरी तशीच. आपली लिपी जशी जाते तसा मी गेलो. माणसाने दुसरीकडून का जावं? सगळं झाल्यावर जमिनीवर पसरलं. जयंती, ते सरळ नाही. ते कमानीसारखं वाकलं आहे. एका कडेला लांब, दुसऱ्या कडेला आखूड. इंद्रधनुष्याचा आकार आहे आणि रंग धोतरांचे.

शिवाय मध्ये एक पट्टी अशी आहे, की तिच्या दोन्ही बाजूंनी कापड चुण्या घालून रुसून बसलं आहे. ती माझ्या टेरिकॉटच्या पँटची. टिकाऊ म्हणून घातली होती. बाकीचं कापड दमून गेलं तरी ही पट्टी उरेल, असा दूरदृष्टीचा विचार होता.

हे असं का होतं? मी चुकलो हे उघड आहे. मला कुतूहल एवढंच आहे की नेमका कुठे.

बाळ

ता. क. तुझा निरोप आईला सांगितला. ती म्हणाली, "जयंती लहानपणापासून आगाऊ आहे." हे बोलताना ती हसली असावी. खात्री देत नाही.


बोरिवली,
७ सप्टेंबर

बाळदादा,

वाट लागली म्हणायची धोतरांची! पण घाबरू नकोस, नवीन माणसाची गोधडी पहिल्यांदा वाकतेच. मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणून लिहिलं नाही. तुला काय काय माहीत नसतं याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

दर वेळी एकाच टोकाकडून शिवलं की हाताची ओढ एकाच बाजूला पडते. थोडं थोडं करत सगळं कापड तिकडे सरकतं. म्हणून एक पट्टी इकडून तिकडे, तर पुढची तिकडून इकडे. नांगरट कशी करतात, तसं. आता एकाआड एक शिवण उसव आणि उलट टोकाकडून पुन्हा घाल. सगळं उसवायला नको. आणि ती टेरिकॉटची पट्टी आधी काढून टाक रे बाबा! सुती कापड धुतल्यावर आकसतं, ती आकसत नाही, मग भांडणं होणारच. पँट कसली, पायपुसणं कर तिचं.

वरचा थर सरळ झाला की खाली प्रेमाचं एक अख्खं पातळ अस्तराला, मध्ये जुन्या चादरीचे दोन थर. कापूस-बिपूस काही घालायचा नाही. जमिनीवर ताणून पसर, कडेला वरवंटा, पुस्तकं, काय असेल ते वजन ठेव. तुझ्याकडे पुस्तकांना तोटा नाही, त्यांचा एकदा तरी उपयोग होईल. कच्चे टाके घाल. मग प्रत्येक पट्टीवरून धावदोऱ्याच्या ओळी. त्याने सगळे थर एक होतात. ह्याला वेळ लागतो, दिवाळीपर्यंत सहज जाईल.

तीन कोपरे शिव आणि चौथा शिवायच्या आधी मला विचार. आपल्या आजोळची घासाची रीत आहे, ती तेव्हा सांगेन.

गणपती तोंडावर आलेत. पुढचं पत्र उशिराने आलं तर रागावू नकोस. आणि मावशी हसली असेल तर ती हसलीच म्हणून लिही. खात्री नाही म्हणे! कोर्टात आहेस का?

जयंती


मुलुंड,
६ ऑक्टोबर

जयंती,

नांगरटीचा उपाय लागू पडला. गोधडी सरळ झाली. सभ्य, आयताकृती आणि काहीशी गंभीर दिसते. पायपुसण्यावर मी रोज पाय पुसतो आणि दूरदृष्टीबद्दल विचार करतो.

आता मात्र आमच्याकडे गूढ प्रकार सुरू झाला आहे. माझे टाके नाहीसे होतात.

रविवारी मी धावदोऱ्याच्या ओळी घालतो. गोधडी घडी करून आईच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवतो, कारण दुसरीकडे जागा नाही. बुधवार-गुरुवारी पुन्हा उघडावी तर शेवटची ओळ गायब. भोकं असतात, दोरा नसतो. आधी मला वाटलं, माझी मोजण्यात चूक. मग पाच रस्ता नाक्यावरून आणलेल्या रिळावर संशय घेतला, त्या दुकानदाराला ऐकवूनही आलो. मग उंदीर. प्रेमा म्हणाली, "उंदीर दोरा कुरतडतो, काढून नेत नाही." तर्क बरोबर होता, म्हणून उंदरालाही निर्दोष सोडलं.

परवा आईच्या उशीखालची चादर नीट करताना काडेपेटीचं खोकं सापडलं. त्यावर माझाच दोरा गुंडाळलेला, एकावर एक, सुबक. उंदीर इतका नीटनेटका नसतो.

म्हणजे आम्ही घराबाहेर गेलो की दुपारी आई माझे टाके उसवते. आणि दोरा फुकट जाऊ नये म्हणून जपून ठेवते. मी तिला विचारलं का, असं तू विचारशील. नाही विचारलं. परीक्षकाला गुण का कापले असं विचारत नाहीत. तिला माझं काम पसंत नाही, आणि ते मला तोंडावर सांगून दुखवायचं नाही, असा मी अर्थ लावला आहे. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. पहिलीतल्या मुलाची पाटी आपण पुसतोच की.

तेव्हा अधिक सरळ शिवायचं ठरवलं आहे. ते घासाचं काय ते सांग. गोधडीला घास? कंथेला खाऊ घातल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

बाळ


बोरिवली,
१२ ऑक्टोबर

बाळदादा,

मावशी टाके उसवते! वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचलून वाचलं. पाटी पुसण्याचं तुझं म्हणणं मला पटलं नाही. तू एक कर. ती कुठली ओळ उसवते ते नीट बघ. वाकडी का सरळ? चांगली का वाईट? तुला शोध लावायची हौस आहे ना, तर हा लाव. आणि खरं सांगू का, सगळ्यांत सोपं म्हणजे तिलाच विचार. पण ते तुला जमायचं नाही.

घासाचं सांगते. आपल्या आजीकडे गोधडीचा चौथा कोपरा शिवायच्या आधी त्यात त्या घरच्या पोळीचा नखाएवढा तुकडा घालायचे. चांगला कडकडीत वाळवून, म्हणजे कीड लागत नाही. मग कोपरा बंद. गोधडीने ज्या घरचा घास खाल्ला, त्या घरची ती झाली. तिथून ती हलायची नाही. आणि लेकीसुनेबरोबर बाहेर जाणारी गोधडी असली तर तिला घरात भरवायचं नाही. कोपरा तसाच उघडा ठेवून द्यायची. जिथे जाईल तिथले लोक भरवतील.

रीत आहे झालं. खरंखोटं आजीला माहीत.

आमच्याकडे सगळं झकास. गणपतीत मोदक फार झाले, त्यामुळे हे हल्ली चालायला जातात, म्हणजे नाक्यापर्यंत जातात आणि वडा खाऊन येतात.

मावशीला सांग, दोरा गुंडाळून ठेवतेस तो मला दे, इथे दोरा महाग झाला आहे.

जयंती


मुलुंड,
२७ ऑक्टोबर

जयंती,

तुझी आज्ञा पाळली. शोध लावला, पण त्याचा अर्थ लागत नाही.

दसऱ्याच्या सुटीत मी जी ओळ घातली, ती माझ्या आयुष्यातली सर्वोत्कृष्ट ओळ. टाके तांदळाएवढे, एकासारखा एक. प्रेमाने चष्मा लावून पाहिली आणि म्हणाली, "ही तुमची वाटत नाही." एवढी स्तुती तिने माझी लग्नातही केली नव्हती. ती ओळ आईने उसवली. आणि तिच्या आधीच्या, ज्या दारू प्यायल्यासारख्या चालल्या आहेत, त्यांना हातही लावलेला नाही. ह्यात न्याय कोणता? मी वाकडं लिहिलं ते राहिलं आणि शुद्ध लिहिलं ते खोडलं.

तेव्हा मी असा निष्कर्ष काढला, की हा सगळा उद्योगच तिला पोरकट वाटतो. तिला त्रास नको म्हणून उरलेली गोधडी पिशवीत घालून शाळेत नेली. रिकाम्या तासांना शिक्षकांच्या खोलीत बसून पुरी केली. आमचे ड्रिलचे मास्तर समोर बसून कापड ताणून धरायचे. त्यांना ते सूर्यनमस्कारांपेक्षा आवडलं. मुख्याध्यापक दारातून डोकावले आणि दार लावून गेले. मला वाटतं माझी कीर्ती आता वाढेल.

गोधडी झाली, जयंती! तीन कोपरे बंद आणि चौथा उघडा. ती आमच्याकडे राहणारी नाही, कर्जतला जाणारी आहे. तेव्हा आपल्या आजीच्या नियमाप्रमाणे इथे भरवायची नाही. नियम मी अक्षरशः पाळला.

काल आईला दिली. तिने उलगडली. हात फिरवला, वाकड्या ओळींवरून जरा सावकाश. मग एकेक कोपरा चाचपला. चौथ्यापाशी बोट आत गेलं. बोट तिथेच ठेवून म्हणाली, "कोपरा राहिला."

"राहिला नाही, ठेवला," मी म्हटलं. "जयंतीने सांगितली ना ती रीत."

"हो का," ती म्हणाली. "छान केलीस. वेळेवर झाली."

आणि मग पलंगाखालची ट्रंक ओढली आणि पातळं रचायला बसली. दिवाळी अजून पंधरवड्यावर आहे! मला तिचा उत्साह कळेना. जेवणात पोळी अर्धीच खाल्ली, म्हणाली, "भूक नाही." आज सकाळपासून एकदाही "तुमचं पाणी घेऊ का" असं विचारलेलं नाही, कारण तांब्या भरून आपल्या ट्रंकेपाशी ठेवला आहे.

प्रेमा माझ्याशी बोलत नाही. ती म्हणते, "तुम्हाला कळत नाही." काय, ते सांगत नाही. एकाच घरात दोन परीक्षक आणि दोघांनीही प्रश्नपत्रिका दाखवायची नाही, असं चाललं आहे. गोधडी चांगली झाली आहे ना? मग कुणालाच आनंद का नाही?

बाळ


बोरिवली,
३० ऑक्टोबर

बाळदादा,

तुला पंडित म्हणणारी माणसं एकदा माझ्याकडे पाठव.

अरे, चुका काढायच्या असत्या तर तिने वाकड्या ओळी उसवल्या नसत्या का? ती शेवटची ओळ उसवत होती. चांगली असो, वाईट असो, शेवटची. गोधडी संपली की जायचं, म्हणून ती संपू देत नव्हती! दिवाळीनंतर जाते असं तोंडाने म्हणून बसली. का म्हणाली? तू "जाऊ नकोस" म्हणशील म्हणून. तू म्हणालास "ठीक." आता "राहते" असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार? तुझी आई आहे ती. तुझा ताठा काय दुकानातून आणला होता?

आणि मग तू काय केलंस? गोधडी तिच्या हातातून पळवून नेलीस, घाईघाईने पुरी केलीस आणि उघडा कोपरा तिच्यापुढे धरलास.

माझ्या लग्नात मावशीने गोधडी दिली होती, आठवते? निघताना घडी घेताना माझं बोट उघड्या कोपऱ्यात गेलं आणि मी मांडवात भोकाड पसरलं. लोकांना वाटलं नवरा पसंत नाही. मला एवढंच कळलं होतं, की आता मी इथली नाही. मला जवळ घेऊन बसली ती मावशीच. सासूबाईंनी इकडे भाकरीचा तुकडा घालून कोपरा शिवला तेव्हा कुठे मला ह्या घरात झोप लागली. आणि तू तोच कोपरा तुझ्या आईला दिलास, वर म्हणालास, "राहिला नाही, ठेवला!"

नियम मी सांगितला हे खरं. पण डोकं बाजूला ठेव असं नव्हतं सांगितलं.

प्रेमाला सगळं कळलंय. पण सुनेने "राहा" म्हणून उपयोग नाही, ते मुलाने म्हणायचं असतं, म्हणून ती तुझ्यावर चिडली आहे. आता पत्र लिहीत बसू नकोस. ऊठ. त्या कोपऱ्यात घास घाल आणि तोंड उघड. दोन्ही कामं एकदम कर, म्हणजे एक तरी नीट होईल.

जयंती


मुलुंड,
१० नोव्हेंबर

जयंती,

उठलो. तुझं पत्र हातात होतं, चप्पलही काढली नव्हती. प्रेमा बँकेतून यायची होती. पोळ्यांचा डबा रिकामा. पण दिवाळीचे अनारसे झालेले होते. आपल्या सगळ्या कर्मकांडात एखादी वस्तू नसली तर तिच्याऐवजी दुसरी चालते. नारळ नसेल तर सुपारी. तेव्हा पोळीच्या जागी अनारसा का चालू नये? माझ्या मते शास्त्र स्पष्ट होतं.

आईच्या खोलीत गेलो. ती ट्रंकेवरच बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो, गोधडी मांडीवर घेतली आणि उघड्या कोपऱ्यात अनारशाचा तुकडा कोंबला.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली.

"घास भरवतोय."

"कुठल्या घरचा?"

"ह्या."

मी सुईत दोरा ओवायला लागलो. जाईना. तिने माझ्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात ओवली, आणि परत दिली नाही. धरून बसली.

"ही कर्जतला जायची आहे ना?" ती म्हणाली.

"नाही जायची. तू पण नाही."

"मला विचारलंस?"

"आत्ता विचारतोय. राहशील का?"

"आणि इतके दिवस काय तोंड शिवून ठेवलं होतंस?"

"तूच म्हणालीस, जाते."

"मी म्हणाले! तू लहानपणी विहिरीत उडी मारतो म्हणायचास, तेव्हा मी 'ठीक' म्हणत होते का?"

तिने कोपरा ओढून घेतला आणि शिवला. चारच टाके. जयंती, ते टाके बघितल्यावर माझी ती सर्वोत्कृष्ट ओळ मला फार बालिश वाटली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फिल्टरमधून भांडंभर पाणी घेऊन उभ्याने प्यायली. न विचारता. प्रेमा तेवढ्यात दारातून आत येत होती. तिने ते बघितलं, पर्स टेबलावर टाकली आणि तडक बाथरूममध्ये तोंड धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी आईने हाक मारली, "प्रेमा! अगं प्रेमा, धाव!" अशी मोठ्याने हाक तिने ह्या घरात पहिल्यांदा मारली. गॅलरीतून मुंग्यांची रांग निघाली होती ती ट्रंकेवरून, पलंगाच्या पायावरून, थेट चौथ्या कोपऱ्यात. गूळ, तूप, खसखस, त्यांना सगळं मिळालं होतं.

"काय घातलं होतंस ह्याच्यात?" आईने विचारलं.

"अनारसा."

सासू-सून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघी ज्या हसायला लागल्या त्या थांबेनात. शास्त्राधार सांगायचा मी प्रयत्न केला, कुणी ऐकून घेतलं नाही.

आता गोधडीचा ताबा माझ्याकडून गेला आहे. कोपरा उसवला, सगळी गोधडी धुतली. गॅलरीत ऊन कधी येतं ते आईला पाठ आहे, बांधकाम बघून बघून तेवढी विद्या आलीच. वाळल्यावर ती नव्याने शिवायला घेतली. ट्रंक रिकामी झाली आणि तिच्यातलं हिरवं पातळ कडेच्या पट्टीसाठी फाडलं. सर्रकन. एक टोक मी धरलं होतं.

कर्जतला कार्ड गेलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण टाकायला मात्र माझ्याकडेच दिलं. हातात आलेलं पोस्टकार्ड न वाचता पेटीपर्यंत नेणं ह्याला केवढी तपश्चर्या लागते, ते तुला कळणार नाही. मी नेलं. जवळजवळ सगळा रस्ता.

भाऊबीजेला ये. तुझ्या ह्यांनाही आण, कॅमेऱ्यासकट.

बाळ

खाली चार ओळींची जागा ठेवली होती. ह्या खेपेला ती कमी पडली.

*

चि. सौ. जयंतीस,

बाळने जागा नेहमीसारखी कमी ठेवली आहे, म्हणून कडेने लिहिते. घास मी साध्या पोळीचा घातला, उन्हात कडकडीत वाळवून. त्याच्या वाकड्या ओळी होत्या तशाच ठेवल्या आहेत; हात फिरवला की बोटाला लागतात, बरं वाटतं. त्याला सांगू नकोस, नाहीतर पुन्हा शिवायला बसेल. काडेपेटीवरचा दोरा तुझ्यासाठी ठेवला आहे. तुझी लग्नातली गोधडी विरली असेल तर बरोबर आण, दुपारी मला वेळ असतो. करंज्या आणणार असलीस तर डबा घट्ट झाकणाचा आण. आमच्या घरी मुंग्या फार झाल्या आहेत.

तुझी
मावशी